तांब्यात कापलेली अक्षरे: फिल केल्यावर ‘ब’चे पोट नाहीसे होते, त्यावर उपाय

पाटीमागचा दिवा लागला, पण ‘बंद’ हा शब्द वाचता येईना. ‘द’ स्वच्छ दिसत होता, वरचा अनुस्वारही दिसत होता. ‘ब’च्या जागी मात्र उजेडाचा नुसता गोळा होता. लेआउट काढताना अक्षर नीट होते, फाँट चांगला होता, तरी बोर्ड हातात आला तो असा.

पीसीबीवरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरच्या, तांब्यात अक्षरे कोरायची म्हटली की हा त्रास हमखास होतो. तांब्याचा सलग पट्टा (सॉफ्टवेअरमधला ‘झोन’) ठेवून त्यातून अक्षराच्या आकाराचे तांबे काढून टाकायचे, एवढेच काम असते. ते एकदा जमते आणि पुढच्या वेळी फिल केल्यावर, म्हणजे सॉफ्टवेअरला झोन तांब्याने भरायला सांगितल्यावर, पुन्हा बिघडते. मी स्वतः यात तीन वेळा अडकले, तेव्हा कुठे मूळ कारण समजले. म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. मी किकॅड या पीसीबी आखण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते, त्यामुळे पायऱ्या त्यातल्याच देते. कारण मात्र सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच आहे.

काम काय होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचे कळेल. सोलापुरात पूर्व भागात टॉवेल आणि चादरींचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्या माणसाशी बोलायलाही कानाशी तोंड न्यावे लागते. तिथे बझर लावून उपयोग नाही. ताण्याचा धागा तुटून माग थांबला की कुठला थांबला हे लांबून दिसले पाहिजे. म्हणून प्रत्येक मागावर एक लहान बोर्ड, त्यावर तांब्यात कापलेले ‘बंद’ आणि मागे एलईडी, असे ठरले. कारखानदार अण्णांना छापील अक्षरे नकोच होती. मागाचे तेल, सुताची रुई आणि पुसायला रॉकेलचा बोळा, इतके सोसून सिल्कस्क्रीनची शाई टिकत नाही, हे त्यांनी आधीच्या बोर्डांवर पाहिले होते. पहिला नमुना घेऊन गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “लाइट तर लागला अम्मा, पण लिहिलंय काय?”

आधी लक्षण नीट पाहा

तांब्यातली अक्षरे बिघडण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. आपला प्रकार कुठला, हे आधी ठरवा.

पहिला प्रकार असा की अक्षर कापले जातच नाही, उलट तांब्याचे अक्षर उभे राहते आणि त्याच्याभोवती रिकामी जागा पडते. तुम्ही एफ.सीयू, म्हणजे वरच्या तांब्याच्या, थरावर साधे टेक्स्ट ठेवले असेल तर हेच होणार. सॉफ्टवेअरच्या लेखी ते टेक्स्ट म्हणजे कुठल्याच नेटला (सर्किटातल्या जोडणीला) न जोडलेले तांबे. झोन त्याच्यापासून क्लिअरन्सइतका, म्हणजे ठरवून दिलेल्या अंतराइतका, लांब राहतो.

दुसरा प्रकार नॉकआउटचा. किकॅड ७ पासून टेक्स्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नॉकआउट’ अशी खूण आहे. ती केली की भरलेली चौकट येते आणि तीत अक्षरे कापलेली दिसतात. पाहिल्याबरोबर वाटते की काम झाले. पण ही चौकटही बिननेटची. आजूबाजूचा ग्राउंड झोन (करंट परत जाण्यासाठी ठेवलेले सलग तांबे) तिच्याभोवती खंदक सोडून थांबतो आणि ग्राउंडच्या मधोमध एक सुटा, लोंबकळता तांब्याचा तुकडा तयार होतो. सिल्कस्क्रीनवर नॉकआउट उत्तम चालते, मी रोज वापरते. झोनच्या आत मात्र त्याचा उपयोग नाही.

तिसरा प्रकार वर सांगितलेला. अक्षर कापले जाते, झोन सलग राहतो, पण ‘ब’, ‘व’, ‘प’, ‘म’, ‘स’ अशा अक्षरांची पोटे भरण्याऐवजी रिकामी होतात. इंग्रजी मजकूर असेल तर ओ, ए, बी, डी, पी, आर यांचेही तेच. खरा मुरलेला त्रास हा आहे, कारण स्क्रीनवर फिल करण्याआधी सगळे बरोबर दिसत असते.

पोट जाते कुठे

‘ब’चा आकार तांब्यातून काढून टाकला की त्याच्या गोलातले तांबे बाहेरच्या तांब्यापासून पूर्ण तुटते. चहूबाजूंनी पाणी आणि मधे बेट, तसे. झोनला ग्राउंडचे नेट दिलेले असते, पण या बेटाला ग्राउंडचा एकही पॅड (पार्ट डाखायची जागा) किंवा व्हाया (दोन थर जोडणारे तांब्याचे भोक) लागत नाही. सॉफ्टवेअर त्याला निरुपयोगी तांबे समजते आणि पुसून टाकते. त्यात त्याची चूक नाही. सुटे तांबे बोर्डावर ठेवू नये हा नियम चांगला आहे, कारण असा तुकडा आजूबाजूचा नॉइज उचलतो आणि पसरवतो. फक्त इथे तो तुकडा आपल्या अक्षराचा भाग आहे, एवढे सॉफ्टवेअरला कळत नाही.

किकॅडमध्ये झोन निवडून ‘ई’ दाबा. प्रॉपर्टीजमध्ये ‘रिमूव्ह आयलंड्स’ असा पर्याय दिसेल आणि तो मुळात ‘ऑलवेज’वर असतो. ईगलमध्ये हेच काम पॉलिगॉनच्या ‘ऑर्फन्स’ या खुणेने होते आणि ती बंद असली की बेटे जातात. अल्टियममध्ये ‘रिमूव्ह डेड कॉपर’ आहे. तीन सॉफ्टवेअर, तीन नावे, गोष्ट एकच. ईगलवाल्यांना टीरिस्ट्रिक्ट म्हणजे ४१ नंबरच्या थरावर टेक्स्ट ठेवून अक्षरे कापता येतात, त्यामुळे पहिले दोन प्रकार त्यांना फारसे छळत नाहीत, पण तिसरा त्यांनाही चुकत नाही.

देवनागरीत हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त आहे आणि त्याचे कारण शिरोरेषा. ‘प’ सुटा पाहिला तर वरून उघडा आहे. शिरोरेषा आली की त्याचे पोट बंद होते. ‘स’, ‘म’, ‘ण’, ‘ष’ यांचेही तसेच. पोटफोड्या ‘ष’ला तर मधल्या तिरक्या रेघेमुळे दोन बेटे, आणि ‘ब’लाही दोन. ‘सोलापूर’ हा शब्द बहुतेक फाँटमध्ये ‘स’ आणि ‘प’ या दोन ठिकाणी बेट करतो. ‘ल’ आणि ‘र’ खालून उघडे असल्याने त्यांना काही होत नाही. आमच्याकडे विणकर बरेच तेलुगू भाषक, म्हणून एका कारखान्यासाठी तेलुगूतही शब्द केला. त्या लिपीला शिरोरेषा नाही, पण अक्षरे गोलच गोल, त्यामुळे बेटे तिथेही निघाली. तेव्हा शब्द ठरला की आधी कागदावर लिहून बंद पोटे मोजा. पुढचे अर्धे काम तिथेच होते.

‘नेव्हर’ केले की झाले ना?

हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो, मलाही तोच सुचला. ‘रिमूव्ह आयलंड्स’ला ‘नेव्हर’ करा, फिल करा, पोटे परत येतात. अक्षर सुंदर दिसते. पण ही सेटिंग अख्ख्या झोनला लागू होते. बोर्डावर इतरत्र, ट्रॅकच्या गर्दीत, पॅडच्या मधे, जिथे जिथे तांब्याचा तुकडा तुटून पडला असेल तोही तसाच राहतो. डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरची नियमतपासणी, त्याबद्दल इशारा देते, पण आपण अक्षरांसाठीचे इशारे म्हणून सगळेच सोडून देतो, आणि त्यात खरा दोष लपतो.

तिसरा पर्याय आहे ‘बिलो एरिया लिमिट’, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान बेटे काढायची आणि मोठी ठेवायची. इथे थोडा विचार केला तर लक्षात येईल की आपल्याला याच्या बरोब्बर उलटे हवे आहे. अक्षरांची पोटे हीच बोर्डावरची सगळ्यात लहान बेटे असतात. ती ठेवायची म्हणून मर्यादा खाली आणली की मोठी निरुपयोगी बेटेही राहतात.

एलईडीच्या छोट्या पाटीवर दुसरे काहीच सर्किट नसेल तर ‘नेव्हर’ चालून जाईल. मागाच्या कंट्रोल बोर्डावर मी तो कधीच ठेवणार नाही.

गाठीवरची स्टेन्सिल

खरा उपाय सापडला तो कापडाच्या गोदामात. टॉवेलच्या गाठी बाहेरगावी जातात, त्यांवर मार्का मारायला पत्र्याची स्टेन्सिल असते. लहानपणी मामांच्या गोदामात मी अशा कितीतरी पाहिल्या आहेत. पत्र्यातून अक्षर कापायचे, वर शाईचा ब्रश फिरवायचा. पत्रा कापणाऱ्याला ‘ब’चे पोट नुसते कापून चालत नाही, कापले की ते खाली पडते आणि गाठीवर काळा गोळा उमटतो. म्हणून तो पोटापासून बाहेरपर्यंत पत्र्याची एक अरुंद पट्टी सोडतो. त्या पट्टीवर पोट टांगलेले राहते. गाठीवर अक्षर थोडे तुटक दिसते, पण वाचता येते. तुटक दिसणारी ती अक्षरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, ती तशी का असतात इकडे सहसा लक्ष जात नाही.

तांब्यात हेच करायचे. प्रत्येक बंद पोटाला बाहेरच्या तांब्याशी जोडणारा एक पूल ठेवायचा. पूल असला की पोट बेट राहत नाही, ग्राउंडचाच भाग होते, आणि ‘ऑलवेज’ सेटिंग त्याला हात लावत नाही. लोंबकळते तांबे उरत नाही, डीआरसी शांत राहते आणि बाकीच्या बोर्डावर नियम कडकच राहतो. अक्षरात एक बारीक चीर दिसते, एवढीच किंमत.

प्रत्यक्ष काम मी असे करते. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहायचा आणि ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ने त्याच्या रेषा करायच्या. मग लगेच ‘युनियन’. देवनागरीत ही पायरी अजिबात चुकवू नका. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, मात्रा दंडावर चढलेल्या असतात. युनियन न करता आकार बाहेर नेला तर जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे चमत्कारिक ठिगळे उमटू शकतात. युनियन झाल्यावर प्रत्येक पोटावर एक आयत ठेवायचा, पोटापासून बाहेरपर्यंत पोहोचेल असा, आणि ‘डिफरन्स’ने तो अक्षरातून वजा करायचा. अक्षर आता एका सलग बाह्यरेषेचे झाले, आत वेगळी रेषा उरली नाही. याचा आणखी एक फायदा होतो. किकॅडमध्ये आणल्यावर आतली रेषा कुठली, बाहेरची कुठली, हा घोळच उरत नाही.

वक्र रेषा सरळ तुकड्यांत मोडायला ‘फ्लॅटन बेझिअर’ हे एक्सटेन्शन आहे, ते चालवून घ्या आणि फाइल एसव्हीजी किंवा डीएक्सएफ म्हणून ठेवा. किकॅडमध्ये ‘इम्पोर्ट ग्राफिक्स’ने ती आणा. थर म्हणून एखादा यूजर थर घ्या, थेट तांब्यावर आणू नका. आणल्यावर लगेच मोजपट्टीने उंची मोजा. डीएक्सएफमध्ये एककाचा गोंधळ झाला की अक्षर २५.४ पट लहान किंवा मोठे येते. मग सगळ्या रेषा निवडून, उजवे बटण दाबून ‘क्रिएट फ्रॉम सिलेक्शन’मध्ये ‘रूल एरिया’ निवडा. थर एफ.सीयू घ्या, आणि मनाई फक्त झोन फिलवर ठेवा. ट्रॅक, व्हाया, पॅड यांच्या खुणा काढून टाका, नाहीतर उद्या तिथून साधा ग्राउंडचा ट्रॅक नेतानाही डीआरसी अडवेल. शेवटी ‘बी’ दाबून झोन भरा.

रूल एरियाची एक गोष्ट मला फार आवडते. झोन त्याच्या कडेपर्यंत भरतो, मधे क्लिअरन्स सोडत नाही. म्हणजे अक्षराची रेघ तुम्ही १ मिमी काढली तर तांब्यातली फटही १ मिमीच येते. टेक्स्टने खेळणाऱ्यांना जो अंदाज बांधावा लागतो तो इथे लागत नाही.

अक्षरे मोठी असतील, म्हणजे पोटात व्हाया आरामात मावत असेल, तर पुलाऐवजी व्हाया ठेवता येतो. पोटाच्या मधोमध ग्राउंडचा व्हाया द्या, तो खालच्या थरावरच्या ग्राउंडला जोडला की पोट बेट राहत नाही आणि अक्षरात चीरही दिसत नाही. ०.६ मिमीचा व्हाया आणि त्याच्याभोवती थोडे तांबे, म्हणजे पोट निदान सव्वा मिमी रुंद हवे. अर्थात खालच्या थरावर त्या जागी ग्राउंड असले पाहिजे. मागून दिवा लावायचा असेल तर खालचा थरही कापलेला असतो, पण पोटाच्या जागी दोन्हीकडे तांबे असते. ते दोन तुकडे एकमेकांना जोडले गेले तरी बाहेरच्या ग्राउंडपासून तुटलेलेच राहतात. म्हणून दिव्याच्या पाटीवर व्हाया चालत नाही, तिथे पूलच हवा.

पूल दिला तरी पोट गेले

हे माझ्या दुसऱ्या नमुन्यात झाले. पूल नाजूक दिसावा म्हणून ०.२ मिमीचा केला. इंकस्केपमध्ये पूल आहे, रूल एरियात आहे, आणि फिल केल्यावर पूलही गेला आणि पोटही. कारण झोनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मिनिमम विड्थ’ असते आणि ती मुळात ०.२५ मिमी असते. त्याहून अरुंद असलेले तांबे झोन भरतच नाही. पूल भरला गेला नाही, म्हणून पोट पुन्हा बेट झाले, आणि बेट झाले म्हणून पुसले गेले. दोन नियमांनी मिळून केलेले काम, म्हणून कारण लवकर सापडत नाही.

पूल ०.४ मिमी ठेवा. झोनची किमान रुंदी कमी करून पूल टिकवण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण ती कमी केली की बोर्डभर केसासारखे तांब्याचे तुकडे तयार होतात आणि एचिंगमध्ये (नको असलेले तांबे रसायनाने काढताना) ते सुटून दुसरीकडे चिकटू शकतात.

हाच नियम अक्षरांच्या आतल्या बारीक जागांनाही लागतो. दोन रेघांमधले तांबे ०.२५ पेक्षा अरुंद झाले की तिथे भरणे थांबते आणि दोन रेघा मिळून एक जाड रेघ दिसते. ‘श्र’, ‘क्ष’ यांत हे पटकन होते. फाँट निवडतानाच एकसारख्या जाडीचा घ्यावा. मुक्ता आणि बालू हे ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचे दोन फाँट मी वापरते, दोन्ही मोफत आहेत. जुन्या छापखान्याच्या वळणाचे, कुठे जाड कुठे बारीक असे फाँट कागदावर देखणे दिसतात, तांब्यात त्यांची बारीक टोके बुजतात. अक्षराची उंची ८ मिमी आणि रेघ पाऊण ते १ मिमी ठेवली की लांबून वाचता येते आणि बोर्ड करून देणाऱ्याकडून तक्रारही येत नाही.

शिरोरेषेने केलेला घोटाळा

आतापर्यंतचा त्रास दिसण्याचा होता. हा त्रास सर्किट बिघडवणारा आहे, म्हणून यावर थोडे थांबते.

पाटी जमली तेव्हा उत्साहाने मी मागाच्या मुख्य कंट्रोल बोर्डावरही नाव घातले. खालच्या थरावर सलग ग्राउंड होता, त्यात ‘सोलापूर’ कापले. पूल ०.४ मिमीचे, फिल नीट, डीआरसी स्वच्छ. बोर्ड टेबलावर उत्तम चालला. कारखान्यात लावल्यावर मात्र शेजारच्या मागाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) पडला, म्हणजे बंद झाला, की आमच्या बोर्डावरचे पिकांचे (विणलेल्या आडव्या धाग्यांचे) आकडे आपोआप पुढे सरकायचे. सेन्सर बदलला, वायर बदलली, कपॅसिटर वाढवला. आठवडा गेला.

दोष शिरोरेषेत होता. ‘सोलापूर’ची शिरोरेषा ३४ मिमी लांब होती, आणि ग्राउंडमध्ये तेवढी सलग चीर पडली होती. वरच्या थरावर सेन्सरचा ट्रॅक बरोबर त्या चिरेवरून आडवा जात होता. ट्रॅकमधून जाणारा करंट ग्राउंडमधून परत येतो आणि वेगाने बदलणारा करंट परतताना ट्रॅकच्या अगदी खालची वाट धरतो, कारण त्याच वाटेचे इंडक्टन्स सगळ्यात कमी असते. मधे चीर आली की त्याला चिरेच्या टोकाला वळसा घालून यावे लागते. जाण्याची आणि येण्याची वाट यांच्यामध्ये मोठा फेरा तयार होतो, आणि असा फेरा म्हणजे अँटेनाच. कॉन्टॅक्टर पडताना जो झटका उठतो तो या फेऱ्यात शिरायचा, आणि मायक्रोकंट्रोलरला तो सेन्सरची पल्स वाटायचा.

ट्रॅक बाजूने नेला आणि आकडे जागच्या जागी राहिले. दुसऱ्या आवृत्तीत नावच काठावर हलवले, जिथे वर एकही सिग्नल जात नाही. शिवाय प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा ०.५ मिमीने तोडली. पत्र्याच्या स्टेन्सिलवरही शिरोरेषा अशीच तोडलेली असते, कारण लांब चिरेने पत्रा वाकतो. अक्षरे थोडी सुटी दिसतात, डोळा ती आपोआप जोडून घेतो.

इंग्रजीत लिहिलेले सल्ले वाचून काम करणाऱ्याला हा धोका कळत नाही, कारण त्या लिपीत अक्षरे सुटी असतात आणि एवढी लांब चीर पडतच नाही. देवनागरीत काम करणाऱ्याने हे स्वतःच लक्षात ठेवले पाहिजे. २३० व्होल्ट असलेल्या भागात, रिले किंवा मोटरचा करंट वाहणाऱ्या पट्ट्यांत तर अक्षरे कापूच नका. १ औंस तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन, मुळातच कागदासारखी. त्यातून अक्षर काढले की उरलेल्या गळ्यातून सगळा करंट जातो आणि तो भाग तापतो.

आणि मनापासून एक विचारते, तांबे कापण्याची खरंच गरज आहे का? नुसते नाव चमकायला हवे असेल तर ग्राउंडला हात न लावता एफ.मास्क थरावर, म्हणजे तांब्यावरच्या रंगीत संरक्षक लेपाच्या थरावर, साधे टेक्स्ट ठेवा. त्या थरावर जे काढाल तिथे मास्क उघडतो, खालच्या तांब्यावर कथील चढते आणि हिरव्या पाटीवर रुपेरी अक्षरे येतात. तेल, रॉकेल, रुई, कशानेही ती जात नाहीत. बेट नाही, पूल नाही, चीर नाही. कंट्रोल बोर्डावर आता मी हेच करते. तांबे कापायचे ते फक्त उजेड आरपार न्यायचा असेल तेव्हा, किंवा घरी एच केलेल्या बोर्डावर, जिथे मास्कच नसतो.

उजेडाच्या पाटीबद्दल

उजेड हवा असेल तर दोन्ही थरांवर अक्षर कापलेले हवे आणि ते एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजे. रूल एरिया करताना दोन्ही थर एकत्र निवडले की हे आपोआप होते. वरचे कापले आणि खालचे विसरले तर खालचे तांबे उजेड अडवते. मास्कही दोन्हीकडे त्याच आकारात उघडा, उजेडात चांगला फरक पडतो. बोर्ड ग्लास इपॉक्सीचाच घ्या. बाजारात स्वस्त मिळणारा तपकिरी पेपर फिनॉलिक घेतला तर उजेड मंद आणि मळकट येतो. एलईडी पाटीला चिकटवू नका, ८ ते १० मिमी मागे ठेवा, नाहीतर अक्षराच्या मधोमध एक ठिपका झळकतो आणि कडा अंधारात राहतात.

घरी एचिंग करणाऱ्यांसाठी

टोनर ट्रान्सफरने, म्हणजे लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवून, बोर्ड करणाऱ्या मुलांचा मला फार आदर आहे, मीही तिथूनच शिकले. कापलेल्या अक्षरांत दोन गोष्टी उलट्या बाजूंनी काम करतात. इस्त्रीच्या दाबाने टोनर पसरतो आणि फट अरुंद होते, तर तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड तांब्याच्या कडेखाली शिरून फट रुंद करते. बारीक अक्षरात पहिली गोष्ट वरचढ ठरते, म्हणून फट ०.४ मिमीच्या खाली नेऊ नका. अरुंद फटीत द्रावण फिरत नाही, त्यामुळे बाकीचा बोर्ड झाला तरी अक्षरांत तांबे उरलेले दिसते. ताट हलवत राहा, अक्षरांवरून मऊ ब्रश हलकेच फिरवा. मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, तेव्हा द्रावण मुळातच गरम असते आणि काम भराभर उरकते. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची जत्रा भरते त्या थंडीत, तेच ताट कोमट पाण्याच्या परातीत ठेवावे लागते. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. फेरिक क्लोराइडचा डाग चादरीवर पडला तर निघत नाही.

मोठ्या काळ्या भागात लेझर प्रिंटर टोनर विरळ टाकतो आणि ग्राउंडवर सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. ती एचिंगच्या आधी पर्मनंट मार्करने भरून घ्या. उलट-सुलटही तपासा. वरच्या थराची प्रिंट कागदावर उलटी निघाली पाहिजे, खालच्या थराची स्क्रीनवर दिसते तशीच. सोलापुरी चादर उलटून पाहा, विणलेले नाव मागच्या बाजूला उलट्या रंगात आणि उलटे दिसते. खालच्या थरावरचे अक्षर वरून पाहताना तसेच दिसले पाहिजे, सरळ वाचता आले तर ते चुकले आहे.

फाइल पाठवण्यापूर्वी

गर्बर, म्हणजे बोर्ड करून देणाऱ्याला पाठवायच्या फाइली, काढायच्या प्लॉटच्या खिडकीत ‘प्लॉट करण्याआधी झोन फिल तपासा’ अशा अर्थाची खूण असते, ती चालू ठेवा. ती बंद असताना मी एकदा पूल दुरुस्त केले, ‘बी’ दाबायला विसरले आणि जुनेच फिल गर्बरमध्ये गेले. बोर्ड परत जुन्या दोषासह आले. म्हणून आता गर्बर निघाले की ते गर्बव्ह्यू या गर्बर पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडते, फक्त तांब्याचा थर चालू ठेवते आणि प्रत्येक बंद पोटावर जाऊन पूल डोळ्याने पाहते. थ्रीडी चित्रही बघावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये, कारखान्यात जाते ती गर्बर फाइल.

बोर्ड करून देणाऱ्याला ऑर्डरच्या टिपणीत एक ओळ लिहा, की तांब्यातली अक्षरे मुद्दाम कापलेली आहेत, ती भरू नयेत. काही ठिकाणी त्यांचा माणूस अरुंद फटी दिसल्या की दोष समजून स्वतःच दुरुस्त करतो आणि मग ‘ब’ पुन्हा बदललेला येतो.

अण्णांच्या शेडमध्ये तिसऱ्या नमुन्याच्या १२ पाट्या लागल्या. ‘ब’च्या पोटातल्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पूल आहे, दोन्ही खालच्या उजव्या बाजूला दंडाकडे वळवले आहेत. तिथे चीर डोळ्याला सगळ्यात कमी खुपते, हे कागदावर चार जागा काढून पाहिल्यावर ठरवले. रूल एरिया एकदा झाला की तो टेक्स्टसारखा बदलता येत नाही, म्हणून पूल दिलेली एसव्हीजी फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा, नावात फाँटचे नाव आणि अक्षराची उंची लिहून.